अप्पांच्या पुस्तकातले मुके परिच्छेद

ई-पुस्तकं बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे अप्पांचं पुस्तक म्हणजे तासाभराचं काम, असं तोऱ्यात सांगून मी लॅपटॉप घेऊन श्रीरामपूरहून सोनईला माहेरी गेले. अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. काचबिंदूनं दृष्टी गेल्यावर त्यांनी आठवणी सांगितल्या, वहिनीनं त्या टाईप केल्या. आता मोबाईलनं त्यांना वाचून दाखवायच्या, एवढंच.

मोबाईलनं नुसते मथळे वाचले. ‘माझी बायको’ म्हणाला आणि सरळ पुढच्या प्रकरणावर!

अप्पा हळूच म्हणाले, “काढलंस व्हय? बरं केलंस.”

आई जाऊन चार वर्षं झाली. तिच्यावरचं प्रकरण नको, घरातलं चव्हाट्यावर कशाला, असं मीच फणकाऱ्यानं म्हटलं होतं.

“अहो अप्पा, एक अक्षर काढलं नाही मी!” मी ओरडलेच. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. मला रडूच आलं.

फाईल उघडली. प्रत्येक परिच्छेदाच्या टॅगला, म्हणजे मजकुराला लावलेल्या खुणेला, रिकामी नेमस्पेस चिकटलेली. नेमस्पेस म्हणजे टॅग कुठल्या घरचा ते सांगणारं नाव. तेच रिकामं, म्हणून मोबाईलवरचं वाचणारं अ‍ॅप परिच्छेदांना ओळखच देईना. मी ते सगळं शोधून पुसलं. दुसऱ्या दिवशी ऐकवणार तेवढ्यात अप्पांनी एका गावाचं नाव बदलायला सांगितलं. फाईल नव्यानं बनवली, तर भोग परत हजर!

दुखणं एक्सएसएलटीत होतं, म्हणजे मजकुराला पानाचं रूप देणाऱ्या नियमांत. मथळ्यांचे नियम मी नव्यानं लिहिले होते. परिच्छेदांचे मात्र आळसापोटी जुन्या कामातून उचललेले, आणि त्या नियमांच्या फाईलला एक्सएचटीएमएलची, म्हणजे ई-पुस्तकाची पानं ज्या भाषेत लिहितात तिची, नेमस्पेस द्यायचीच राहिली होती. एका ओळीचं काम. कपाळ माझं!

ओळ घातली आणि मोबाईल बोलू लागला. “माझ्या बदलीपायी तिनं शाळेतली नोकरी सोडली. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.”

आई नोकरी करायची, हेच मला माहीत नव्हतं.

“तू वाचलं नव्हतंस?” अप्पांनी विचारलं.

“नाही.” न वाचताच नको म्हटलं होतं मी. आणि दोन दिवस त्याच परिच्छेदांचे टॅग तपासत बसले होते.

अप्पांनी चाचपडत माझा हात धरला. “मग पुन्हा लाव,” ते म्हणाले. “दोघं मिळून ऐकू.”