लिंबू कधी घालायचं

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवालाही नाही — देवासमोर बसले की मी उद्याच्या भाजीपासूनच सुरुवात करते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा उन्हाळा आलाय, तुतीचा रस फ्रीजमध्ये गार होतोय, आणि तो गाळताना दरवर्षी जे वाटतं ते या वर्षी जरा जास्तच वाटलं म्हणून.

आधी सरबताचं सांगते. ते सोपं आहे.

तुती अगदी काळ्या झालेल्या घ्यायच्या. देठं खुडायची — बोटं जांभळी होतात, होऊ द्यायची. साखर घालून मंद आचेवर मऊ करायच्या आणि गाळायच्या. दूध आटवून दाट करायचं, त्यात लिंबाची साल किसून घालायची, गार झालं की फेटलेली साय मिसळायची. रस आणि दूध वेगवेगळं, बर्फासारखं गार ठेवायचं. माणसं समोर येऊन बसली की मगच एकत्र करायचं आणि सगळ्यात शेवटी, एका हातानं ढवळत, लिंबू. लिंबू पडलं की जांभळा रंग एकदम गुलाबी होतो. जिभेला आधी साय लागते, मग तुती, मग मागून लिंबू येतं. पण या सरबताला दम नाही. लगेच प्यायलं नाही तर ते फाटतं.

आमच्याकडे येणारे म्हणतात, तुमच्या हातचं ते गुलाबी सरबत. गेली कित्येक वर्षं म्हणतात. मी ‘हो’ म्हणत नाही, पण ‘नाही’ही म्हणत नाही.

ते नीताचं आहे. माझ्या धाकट्या जावेचं.

नीताचं माहेर खडकीचं. वडील कारखान्यात, राहायला क्वार्टर, आणि क्वार्टरच्या मागं तुतीचं झाड. ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहत होतो — सासूबाई, आम्ही दोघं, माझी लहान मुलगी आणि आता हे दोघं. घराचं सगळं मी बघायची. कुणी किती वाजता आंघोळीला जायचं इथपासून. फ्रीजच्या दारावर माझ्या हातची यादी असायची. नीता सकाळी चहाचा कप घेऊन त्या यादीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, “वहिनी, आज मला श्वास घ्यायला किती वाजता दिलाय?”

मला कुणी असं चिडवत नसे. घरातले सगळे मला थोडे वचकून असत, आणि मला ते सोयीचंही होतं. ही मात्र सरळ चिडवायची. दुपारी सासूबाई पडल्या की आम्ही दोघी पंख्याखाली काहीतरी निवडत बसायचो आणि ती क्वार्टरमधल्या शेजारणींच्या नकला करायची. मी तोंडात पदर धरून हसायची. तसं हसणं नंतर कधी झालं का? आठवून बघते — नाही. चांगले दिवस आले, पण तसं हसणं नाही.

म्हणजे वैर नव्हतं. हे तुम्हाला कळायला हवं, नाहीतर तुम्ही समजाल की जावाजावांचं नेहमीचंच काहीतरी असणार. मला ती आवडायची. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची वाटायची.

मग का केलं?

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे थाटात व्हायचं. गौरीपुढं आरास, आंब्याची डाळ, ओटीला भिजवलेले हरभरे आणि पन्हं. पन्हं माझं. मी लग्न होऊन आल्यापासून माझंच. गूळ किती, वेलची किती, केशर कधी — शेजारच्या इमारतीतल्या बायकासुद्धा विचारून जायच्या. त्या वर्षी, नीताच्या पहिल्या चैत्रात, तिनं माहेरून डबाभर तुती आणल्या आणि घरातल्या घरात सरबत करून दिलं. सासूबाईंनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला, आणि मला म्हणाल्या, “या वर्षी हळदीकुंकवाला हेच करू. तुझं पन्हं काय, दरवर्षी असतंच.”

बस, एवढंच. कुणी माझा अपमान केला नाही. मी लगेच ‘बरं’ म्हटलं आणि तुतीचा हिशोब मनात मांडायलाही लागले. नीता संकोचून म्हणाली, “वहिनी, पन्हंही ठेवू या ना.” मी म्हटलं, “दोन-दोन पेले कोण विसळणार?” 

मी तेव्हा चिडलेली नव्हते. निदान मला तसं वाटलं नव्हतं. आतमध्ये काय चाललं होतं — ते मी तेव्हा बघितलंच नाही.

त्या संध्याकाळी आमच्याच आवारात, समोरच्या इमारतीतही हळदीकुंकू होतं. दोन्हीकडे बायका त्याच. म्हणून मी आधीच समोरच्या काकूंशी बोलून ठेवलं होतं — आधी सगळ्या तुमच्याकडे, मग आमच्याकडे. त्यांच्याकडे गाणीबिणी असायची, वेळ लागायचाच. म्हणजे आमच्याकडे बायका दिवेलागणीनंतर येणार, हे ठरवलेलं होतं. ठरवणारी मीच. घरात दुसऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं. सासूबाई आरास बघण्यात गुंतलेल्या आणि नीता स्वयंपाकघरात.

ऊन उतरायला लागलं होतं. मी ओटीचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिनं मोठ्या पातेल्यात दूध ओतलेलं होतं, शेजारी रस आणि चिरलेली लिंबं हाताशी ठेवली होती. नवी साडी खोचलेली, कपाळावर घाम. आमच्या खिडकीतून आवारातलं काही दिसायचं नाही. तिनं मान वर करून विचारलं, “वहिनी, आल्या का सगळ्या? रस आणि लिंबू घालू का?”

मला माहीत होतं. लिंबू घालून ते सरबत थांबत नाही, हे तिनंच मला दोनदा समजावून सांगितलं होतं. बायका यायला अजून बराच वेळ आहे, हेही माहीत होतं. हे सगळं एका क्षणात डोक्यात होतं — माझ्या डोक्यात वेळा नेहमी जागच्या जागी असतात. चुकून बोलून गेले असं म्हणायची सोयही मला नाही.

मी म्हटलं, “घाल.”

आणि ताट घेऊन बाहेर गेले. आरशासमोर उभं राहून गजरा सारखा केला.

बायका आल्या तेव्हा दिवे लागले होते. नीतानं मधल्या वेळात पातेल्यात बर्फ टाकला, ढवळलं, पुन्हा ढवळलं. दोनदा बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेली. मी कुंकवाचा करंडा पुसत होते. पेल्यांमध्ये जे गेलं ते वर पाणी आणि खाली पांढऱ्या-गुलाबी गुठळ्या. पहिला पेला समोरच्या काकूंच्या हातात गेला. त्यांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, “हे चमच्यानं घ्यायचं का?” 

बायका हसल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “नवीन पद्धत आहे. आधी खायचं, मग प्यायचं.” 

नीताही हसली. सगळ्यांच्या पुढं जाऊन पेले गोळा केले, आत नेऊन ओतले, आणि मी — मी दहा मिनिटांत साध्या लिंबाचं सरबत करून आणलं. बायका म्हणाल्या, थोरली आहे म्हणून निभावलं. ते वाक्य मला गोड लागलं. आज सांगायला लाज वाटते, पण गोड लागलं होतं हे खरं आहे.

इथंच संपलं असतं तर मी ही गोष्ट सांगितलीही नसती. सरबतच ते, फाटलं. मीही चार दिवसांत विसरले.

नीताला दिवस गेले होते. त्या संध्याकाळी तिलाही ते ठाऊक नव्हतं. आषाढात गर्भ राहिला नाही. दवाखान्यातून आणून तिला आतल्या खोलीत निजवलं होतं, दार लोटलेलं. मी तिच्यासाठी मऊ भात करत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून डोळे पुसत होत्या. दुष्ट नव्हत्या त्या — त्यांनाही नातवंड हवं होतं. पुसता पुसता म्हणाल्या, “गौरीसमोर दूध नासलं ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं.”

लोटलेल्या दारातून आत सगळं ऐकू जातं.

त्या क्षणी काय लागत होतं? एक वाक्य. आई, ते नासलं नाही, मी नासवलं. मी भात ढवळत राहिले. बुडाला लागेल म्हणून.

ताट घेऊन आत गेले तर ती छताकडे बघत होती. म्हणाली, “वहिनी, त्या दिवशी मी घाई केली का हो? मला वाटतं तुम्ही ‘घाल’ म्हणालात. पण मीच काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.”

ती मला वाट करून देत होती का? तिला शंका होती, की खरंच स्वतःच्या कानावर विश्वास उरला नव्हता? इतक्या वर्षांत मी हे किती वेळा उलटंपालटं करून बघितलंय. कळत नाही.

मी म्हटलं, “झालं गेलं. भात गरम आहे तोवर खाऊन घे.”

पहिला गुन्हा मत्सराचा होता, तो क्षणभराचा होता. हा दुसरा भित्रेपणाचा. आणि तो त्या दिवशी संपला नाही. तो मी रोज नव्यानं केला. कारण त्यानंतर नीता दुधाला हात लावेनाशी झाली. चहा करायची — पण शुभकार्यातलं दूध नाही. कोजागिरीला म्हणायची, “तुम्ही आटवा, मी चारोळ्या निवडते.” पूजेत पंचामृत कालवायची वेळ आली की फुलं आणायला बाहेर जायची. कुणाच्या बारशाला खीर ढवळायला बोलावलं तर हात ओले आहेत म्हणायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. माझ्या लक्षात सगळं येतं.

दुपारच्या नकलाही थांबल्या. यादीसमोर येऊन ती मुकाट्यानं वाचायची आणि यादीत असेल ते करायची. पुढं दिरांची बदली नागपूरला झाली. ती निघाली तेव्हा सामानाची बांधाबांध मीच केली, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहून. तिकडं तिला मुलगा झाला. सुखात आहे ती. दिवाळीला फोन येतो, माझी तब्येत विचारते. आवाज तोच आहे, पण ती मला चिडवत नाही. मी मुद्दाम तसं काही बोलून बघते — अगं, आता तर मी औषधांचीही यादी करते — आणि थांबते. पलीकडून ती म्हणते, “बरं करता वहिनी.”

सासूबाई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ते सरबत करायला लागले. का? लोकांना आवडतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे देठं खुडताना बोटं जांभळी झाली की शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात मुलीनं हिंजवडीला फ्लॅट घेतला. वास्तूच्या दिवशी नीता नागपूरहून आली. केस पांढरे, पण साडी अजून तशीच खोचते. मी घरून रस, दूध, साय वेगवेगळ्या डब्यांत बर्फात घालून नेलं होतं. आलेल्या माणसांना दारातच पेले दिले. तिनंही घेतला, सावकाश प्यायली. “छान झालंय हो,” म्हणाली. “मला कधी जमलंच नाही हे.” मी म्हटलं, “अजून घे.” 

मग दूध उतू घालवायची वेळ झाली. नव्या घरात नवी शेगडी, नवं पातेलं, सगळे स्वयंपाकघरात दाटीनं उभे. माझी मुलगी लहानपणी नीताच्या मांडीवर वाढलेली. तिनं पातेलं सरळ तिच्यासमोर धरलं. “काकू, तू ठेव. तुझ्याच हातानं.”

नीता एक पाऊल मागं सरली. हसत म्हणाली, “नको गं राणी. माझ्या हाताला दूध सोसत नाही.”

लोक हसले. त्यांना गंमत वाटली. पातेलं मुलीच्या हातात तसंच, नीताचे दोन्ही हात पाठीमागं, आणि तिनं माझ्याकडे बघितलं — मागितलं काहीच नाही, फक्त बघितलं, मी पुढं होऊन सांभाळून घेईन अशा सवयीनं.

तिच्या हाताला काही झालेलं नव्हतं. तिचे हात कधीच वाईट नव्हते. त्या खोलीत हे एकटी मी जाणत होते, आणि सांगायला एवढी चांगली जागा, एवढी सगळी माणसं मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी पुढं झाले. पातेलं घेतलं आणि शेगडीवर ठेवलं. दूध वर आलं, कडेनं पूर्वेला उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीतानं पाठीमागचे हात पुढं घेतले आणि तिनंही वाजवल्या.