पुठ्ठासरांच्या खुर्चीतला दुसरा माणूस

पुठ्ठासरांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्या टायपिंगच्या क्लासात कळांवर पुठ्ठा झाकलेला असायचा आणि त्याखाली हात घालून टाइप करायचं. कुणी डोकावून बघायला गेलं की सर मागून म्हणायचे, "बोटांना कळतं, तू मध्ये पडू नकोस." अर्ध्या गावाला त्यांनी असं शिकवलं, मलाही. पुढे टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला, आणि मी त्यांच्याच घराखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मग सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग क्लास बंद झाला हेच. आजचं उद्यापर्यंत टिकेना. घरात दोघंच, सर आणि काकू. काकूंना एकाच गोष्टीची धास्ती होती आणि ती त्या भाजी निवडता निवडता सहज बोलून दाखवायच्या.

"बाकी सगळं विसरू देत गं. मला विसरले की मी काय करायचं, ते सांग."

अजून तरी विसरले नव्हते. लग्न झाल्यापासून ते बायकोला बाईसाहेब म्हणत आले होते, अजूनही म्हणत होते.

त्यांचा डेस्कटॉप त्यांच्याइतकाच थकलेला. सुरू केला की पंखा घरघरायचा आणि पडदा उजळेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी उघडून पाहिलं तर आत धुळीचा थर आणि हार्ड डिस्कने मान टाकलेली. भंगारात द्या, असं मी म्हणणार होते, पण काकू म्हणाल्या, "टाइप करायला बसले की तासभर शांत असतात. नाहीतर घरभर येरझाऱ्या."

असल्या डब्यांवर माझा एक ठरलेला उपाय आहे. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचे काही हलके प्रकार इतके काटक असतात की त्यांना डिस्कही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून उठतात, मेमरीत पथारी पसरतात आणि बंद केलं की सगळं गुंडाळून चालते होतात. तुम्ही काय लिहिलं, काय उघडलं, कशाचा मागमूस राहत नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा कोरं. चांगली डिस्क मिळेपर्यंत चालवू, म्हणून मी तसंच लावून दिलं.

सर बसले, कळांकडे न बघता बोटं टेकवली आणि लिहिलं, "आज नवे यंत्र आले. कळा हलक्या आहेत. बाईसाहेब आत आहेत. सर्व ठीक."

काही दिवसांनी मी माउस बदलायला वर गेले तेव्हा सर टाइप करत होते. "आज नवे यंत्र आले. कळा हलक्या आहेत." शब्द तेच, क्रम तोच, "सर्व ठीक"च्या आधीचा थांबाही तेवढाच.

"रोज हेच," काकू दारातून हळूच म्हणाल्या. "एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही."

यंत्राला कालचं आठवत नव्हतं आणि माणसालाही नव्हतं. दोघं रोज नव्याने भेटत होते. पण सर खूश होते, आणि खूश माणसाला कशाला हात लावा?

काकूंना मात्र ते पुसलं जाणं सहन होईना. "संध्याकाळी बंद करताना वाटतं, मीच त्यांचं लिहिलेलं केरात टाकतेय. राहू दे ना त्यांचं काहीतरी माझ्यापाशी."

दुकानात एक धड चालणारी डिस्क निघाली. सर दुपारी झोपले असताना मी ती बसवली आणि लिनक्स कायमचं टाकायला घेतलं. भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्क पूर्ण पुसायची का, नक्की का, असं एकेक विचारत ते पुढे सरकलं. पासवर्ड लक्षात राहणार नाही म्हणून ठेवलाच नाही. आणि लिहिलेलं आपोआप जतन होईल, सुरू केल्याबरोबर तीच फाइल समोर उघडेल, अशी सोय करून दिली. काकूंना इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची वरून हाक आली. सर खोलीच्या दारात उभे होते, हात मागे बांधून.

"काय गं, माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही, सर."

"मग हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच. काल."

क्लासात थापा मारणाऱ्या पोरांकडे बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काल कसा लिहीन? यंत्र आजच आलंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि हे बघ, मी आता जे लिहिणार होतो ना, तेच आहे. शब्दन् शब्द. हा माणूस माझ्या मनातलं माझ्याआधी लिहून जातो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मी फाइल काढून टाकायला पुढे झाले तर काकू आडव्या आल्या. "पुसू नकोस. होईल सवय."

मी खाली गेल्यावर सरांनी त्याच मजकुराखाली लिहिलं, "आपण कोण आहात ते मला माहीत नाही. हे घर माझे आहे. ही खुर्ची माझी आहे. बाईसाहेब माझ्या पत्नी आहेत. कृपया उठा आणि निघून जा." काकूंनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. वाचताना त्या हसत होत्या.

"अजून भांडतात गं माझ्यासाठी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वर गेले. सरांनी बटण दाबलं, फाइल आपोआप उघडली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी जपून उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि बैठकीवर पडलेली सुरकुती हाताने साफ केली.

"मला कल्पना नव्हती," ते म्हणाले.

"कसली, अहो?" काकूंनी विचारलं.

सर मागे सरकले. परक्या बाईशी बोलताना ठेवतात तेवढं अंतर ठेवून उभे राहिले.

"माफ करा, बाई. मी चुकून बसलो. तुम्ही त्यांच्या पत्नी ना?"

"अहो, असं काय करता? मी तुमची बाईसाहेब."

"त्यांची," सर नम्रपणे म्हणाले. "इथे लिहिलंय."

मी त्याच दुपारी डिस्क उपसून काढली आणि पेन ड्राइव्ह परत लावला. यंत्र पुन्हा कोरं झालं. सरही झाले असतील, अशी माझी भाबडी समजूत. तो मजकूर त्यांना आठवत नाही, तो कुठे वाचला हेही नाही. पण हे घर दुसऱ्या कुणाचं आहे एवढी एकच गोष्ट त्यांच्या आत जाऊन बसली आहे आणि ती काही केल्या निघत नाही. एवढं सगळं विसरणाऱ्या माणसाने नेमकं हेच का धरून ठेवावं? मला भयंकर राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

सर आता यंत्रापाशी बसत नाहीत. "त्यांना आवडायचं नाही," म्हणतात. दाराजवळच्या स्टुलावर बसून राहतात. काकूंनी लग्नाचे फोटो दाखवून पाहिले. सरांनी ते नीट निरखले. "छान जोडा आहे," म्हणाले, "थोडे माझ्यासारखे दिसतात."

काकूंनी चहा आणला की ते उठून उभे राहतात, कप दोन्ही हातांनी घेतात आणि विचारतात, "तुमचे मिस्टर कधी येतील?"

सुरुवातीला काकू रडायच्या. आता म्हणतात, "येतील इतक्यात." मग स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसतात, आणि दोघं दाराकडे बघत राहतात.