प्लिमथचं वजन

अंथुर्ण्याच्या रामहरीतात्या वाघमोड्यांनी छप्पन सालची अमेरिकन प्लिमथ मोटार मुंबईहून आणली, तेव्हा त्यांच्या बायको बनाकाकू म्हणाल्या, "यापरीस म्हैस आणली असती तर दूध तरी दिलं असतं." तात्यांना त्याचं काही नव्हतं. ते मोटारीला रोज खोबरेल लावून पुसायचे आणि पारावर छातीठोक सांगायचे, "अमेरिकेचं लोखंड हाय. ट्रॅक्टरपरीस जड भरंल." पण आमचं गाव विश्वास ठेवेल तर शपथ!

चौऱ्याण्णव साली पुतण्या रविराजच्या लग्नात नवरदेव प्लिमथमधूनच जाणार, असा तात्यांनी हट्ट धरला. मोटार वेशीतच बंद पडली. मग तात्यांनी ऊसगाडीची बैलं आणून पुढं जुंपली आणि स्वतः ऐटीत स्टेअरिंग धरून बसले.

आता बैलांना रस्ता एकच ठाऊक. फाट्यावर मांडवाकडं न वळता ती थेट साखर कारखान्याच्या गेटात शिरली आणि उसाच्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गाडीवान हसून लोळायला लागले.

रविराज मागून ओरडला, "तात्या, मुहूर्त चाललाय! बैलं वळवा!"

तात्यांची नजर मात्र समोरच्या वजनकाट्यावर खिळली होती. रांग सरकली, तशी प्लिमथ काट्यावर चढली. तात्यांनी बैलं सोडली आणि मागचं दार अदबीनं उघडलं. रविराजला वाटलं, चला, सुटलो.

"नवरदेव, जरा खाली उतरा," तात्या म्हणाले. "उद्या कुणी म्हणाया नको, की वजन तुमचं व्हतं."