ऐकणाऱ्यांचे चोवीस कागद

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी घरात बसून काय करावं, याचे सल्ले सगळ्यांनी देऊन झाले होते. कोणी सोसायटीचं सेक्रेटरीपद सुचवलं, कोणी सकाळचा हास्यक्लब. ह्यांनी कोणाचंच ऐकलं नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात एक कीबोर्ड, एक माइक आणि लेकीचा जुना लॅपटॉप मांडला आणि वर्षभर खपून चक्क एक अल्बम केला. त्यात गाणं नाही, शब्द नाही. नुसत्या सात धुना, आणि प्रत्येक धून वेगळ्या मुलखाची. बासरी ह्यांची स्वतःची, कंपनीच्या गणपतीत दरवर्षी वाजवायचे ती. तिच्या जोडीला कीबोर्डमधून कधी आफ्रिकेतलं हातांच्या अंगठ्यांनी छेडायचं वाद्य, कधी चिनी तंतुवाद्य, कधी आयर्लंडची शिट्टी. नाव ठेवलं 'सात मुलुख'.

मी म्हटलं, "अहो, थेरगाव ते चाकण कंपनीच्या बसने जाण्यापलीकडे तुम्ही गेलात कुठे? हे सात मुलुख आणले कुठून?"

"बसमध्ये डोळे मिटून बसायचो ना, तेव्हा फिरून आलो," हे म्हणाले.

असं काही बोलले की मला पुढचा टोमणा सुचत नाही, आणि टोमणा सुचला नाही की माझी चिडचिड होते. मी शाळेत मराठी शिकवते. लाल पेन हातात असल्याशिवाय मला कोणाचं कौतुक करता येत नाही. अल्बम पुरा झाला त्या दिवशी ह्यांनी मला सातही धुना ऐकवल्या. मी समोर सहामाहीचे पेपर घेऊन बसले होते. मधूनमधून मान हलवली आणि शेवटी म्हटलं, "छान झालंय." पुढे जे झालं त्यात माझा वाटा इथून सुरू होतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

हे कंपनीत इन्स्पेक्शनला होते. लोखंडाचा घडवलेला तुकडा दोरीला टांगायचा, त्यावर बारीक हातोडी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर तो पुढे जाणार. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, तो बाजूला. पंचवीस वर्षं हेच काम केलं, आणि कानांवर ह्यांचा भारी विश्वास. मग अल्बम तपासणीशिवाय घराबाहेर कसा जाईल? ह्यांनी लॅपटॉपवर एक तक्ता बनवला. धून एक ते सात, पुढे 'ओके' आणि 'नॉट ओके' असे दोन रकाने, शेवटी शेरा आणि सही. चोवीस प्रती काढल्या, प्रत्येकीवर क्रमांक टाकला, आणि कोणता कागद कोणाला दिला ते वहीत लिहून ठेवलं. धुना सगळ्यांना मोबाइलवर पाठवल्या. कागद गोळा करायचं काम मात्र माझ्याकडे. कारण काय, तर ज्याने माल बनवला त्याने तपासणीत पडायचं नसतं. आणि चोवीसच्या चोवीस आल्याशिवाय एकही वाचायचा नाही, अर्धा लॉट बघून निकाल देत नाहीत.

"मला नाही का कागद?" मी विचारलं.

"तुझं झालंय ना सांगून. छान झालंय म्हणालीस की."

मी पंधरा दिवस कागद गोळा करत हिंडले आणि अर्थातच सगळे वाचले. सोसायटीतल्या एका काकांनी सातही धुनांपुढे 'ओके' केलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'गाणं कधी सुरू होतं ते कळलं नाही.' खालच्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलीने लिहिलं, 'काम करताना लावते. मध्ये कोणी बोलत नाही हे फार बरं आहे.' माझ्या शाळेतल्या बाईंना सगळा अल्बम शवासनाला उत्तम वाटला. एकाने तर 'झोप फार छान लागली' एवढंच लिहून झोकात सही ठोकली होती. मला मजा येत होती. मग तिसऱ्या धुनेपुढे एक 'नॉट ओके' आला. मग दुसरा, मग तिसरा.

ही तिसरी धून तिबेटकडची. तिच्यात ह्यांना घंटा हवी होती, पण कीबोर्डमधली घंटा पसंत पडेना. निरोपाच्या दिवशी इन्स्पेक्शनच्या दोस्तांनी ह्यांना बेअरिंगची एक चकचकीत लोखंडी कडी भेट दिली होती. हे ती कडी बाल्कनीतल्या खिळ्याला टांगून चमच्याने वाजवायला लागले. आमच्या मागे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गुरुवारी ते बंद असतं, म्हणून तीन-चार गुरुवार माइक घेऊन बसले आणि हवा तसा नाद पकडला. बासरी थांबते तिथे ती कडी वाजते, एकूण नऊ वेळा.

पुनावळ्याला ह्यांचे एक जुने दोस्त आहेत, तिथलेच, पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या घरातले. कंपनीत ह्यांच्याच लाइनवर होते. कागद देताना मला म्हणाले, "वैनी, समदं ग्वाड हाय बघा. पर त्या तिसऱ्याला मधीच कानात सुई टोचल्यावानी काय वाजतंय? आमच्या म्हातारीनं मोबाइलच बंद कराया लावला. सायबास्नी सांगू नका बरं, त्येंला वाईट वाटंल."

मी त्या दिवशी घरी येऊन तिसरी धून पहिल्यांदा नीट ऐकली. पहिला टणत्कार आला आणि मी दचकून मोबाइल लांब धरला. हेच मी पेपर तपासता तपासता आधी ऐकलं होतं आणि परदेशी संगीतात असंच असेल म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटचा कागद डांगे चौकातल्या गॅरेजवाल्या भाईंकडे होता. आमची स्कूटर वीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जाते. 'सात मुलुख' त्यांनी गॅरेजमध्ये दिवसभर लावून ठेवला होता आणि गिऱ्हाइकं निवांत बसतात म्हणून खूश होते. पण तिसऱ्या धुनेपुढे त्यांचाही 'नॉट ओके' होता. कागद हातात देताना जरा घुटमळले.

"भाभी, राग मानू नका. साहेबांना तो आवाज ऐकू येत नसेल."

"म्हणजे?"

"आमचे अब्बा पत्रा ठोकायचं काम करायचे. पुढे पुढे माणसाचं बोलणं बरोबर ऐकायचे, ट्रकचा हॉर्न ऐकायचे, पण बारीक आवाज गेला होता. रेडिओ लावला तर एवढा करकरीत करायचे की आम्ही कानावर हात ठेवायचो. त्यांना तोच बेताचा वाटायचा."

मी स्कूटर तिथेच ठेवली आणि चालत घरी निघाले. दारावरची आमची बेल चिमणीसारखी चिवचिवते. दोनदा दूधवाला बेल वाजवून परत गेला होता आणि हे घरातच होते. मी काय बोलले नव्हते तेव्हा! नात फोनवर बोलायला लागली की हे फोन माझ्या हातात देतात, मी म्हणायचे नातीशी बोलायचाही कंटाळा. चालता चालता मला रडू आलं. दुपारची वेळ, भर चौक, ओळखीची माणसं. पदराने डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

ज्या माणसाने कानांवर पोट भरलं आणि आता कानांच्याच जिवावर काहीतरी मांडलंय, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सांगितलं नाही. तिसऱ्या धुनेला नाकारणारे सहा कागद होते. ते मी पेपरांच्या गठ्ठ्यात खाली सरकवले आणि आता एवढेच येतील असं सांगून उरलेले अठरा ह्यांच्यापुढे ठेवले.

ह्यांनी एकेक कागद चवीने वाचला. 'झोप छान लागली' ओकेत धरायचं की नॉट ओकेत, यावर पाच मिनिटं विचार केला. कोणीतरी लिहिलं होतं, 'पाचवी धून ऐकताना बसच्या खिडकीतून दिसणारा डोंगर आठवला.' तो कागद दोनदा वाचून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग वही काढली.

"चोवीस दिले, अठरा आले. सहा कुठे?"

"लोकांनी दिले नाहीत. सगळ्यांना कुठे वेळ असतो?"

"चार, नऊ, अकरा, सोळा, वीस, तेवीस," ह्यांनी वहीवर बोट ठेवून वाचलं. "तेवीस गॅरेजवाले भाई. ते द्यायचे राहतील?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. तीस वर्षं मुलांच्या खोट्या सबबी पकडल्या, पण स्वतःला एक धड सबब देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. हे सकाळी बाहेर पडले आणि तासाभराने भाईंच्या गॅरेजवरून स्कूटर घेऊन परत आले. बाल्कनीत गेले, कडी खिळ्याला टांगली आणि चमच्याने वाजवली. मी आतून बघत होते. मागचं वर्कशॉप बंद, सगळं शांत, आणि कडी अशी सुरेख वाजत होती. ह्यांनी तिला कान लावला. पुन्हा वाजवली. मग कडी हातात घेऊन हनुवटीच्या हाडाला टेकवली, वाजवली, आणि डोळे मिटून उभे राहिले. तेव्हा मला कळलं की ते तिला ऐकत नाहीत, तिची थरथर चाचपून बघतायत.

"ते सहा कागद दे," आत येऊन म्हणाले.

मी दिले. ह्यांनी सगळे वाचले, पुनावळ्याच्या दोस्ताच्या शेऱ्यावर थोडं हसलेसुद्धा. मग उठून कपाटातून कंपनीची जुनी फाइल काढली आणि तिच्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. कंपनीत दरवर्षी होणाऱ्या कानाच्या तपासणीचा अहवाल होता, तीन वर्षांपूर्वीचा. त्यावरची रेघ उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, खाली उतरत गेली होती.

"गुडघा दुखतो म्हणून लाइनवरून उठून कागदाच्या कामाला बसलो ना, ते खोटं होतं," हे म्हणाले. "माझ्यामागून एक पोरगी मीच पास केलेले तुकडे पुन्हा वाजवून बघायची. मला दिसायचं. साहेबांना सांगितलं, मला काढा इथून. बद्द तुकडा माझ्या हातून गेला असता तर कुठल्या गाडीत बसला असता कोण जाणे."

"आणि मला नाही सांगायचं?" माझा आवाज चढला. "मी दूधवाल्यावरून किती बोलले तुम्हाला! ऐकून घेतलंत नुसतं!"

"तू सांगितलंस मला? सहा कागद पेपरांत घालून बसलीस."

मला स्वतःचा राग येत होता आणि ह्यांचं फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "तिसरी धून काढून टाका. सहा राहतील. काय बिघडतं?"

"अगं, मोजायचं गेज चुकीचं दाखवायला लागलं तर कोणी माल फेकतं का?" ह्यांना एकदम हुरूप आला. "खात्रीचा तुकडा लावून बघायचं, किती चुकतंय ते. तेवढी वजाबाकी केली की काम होतं. तुझे कान बरे आहेत ना? बस इथे."

मी लॅपटॉपसमोर ह्यांच्या शेजारी बसले. हे धून लावायचे आणि कडीचा आवाज एकेक घर खाली आणायचे. मी मान हलवायचे. अजून मोठा आहे. अजून. अजून. पाचव्या खेपेला ह्यांच्या कपाळावर आठी आली, म्हणजे आता ह्यांना तो जेमतेम ऐकू येत होता. माझ्या कानाला अजून टोचत होता. खोटं बोलायचा मोह झाला. "पुरे" म्हटलं असतं तर कडी ह्यांच्याजवळ राहिली असती. पण सहा कागद समोर पडले होते.

"अजून खाली," मी म्हटलं.

ह्यांनी आणखी दोन घरं खाली आणला. बासरी आली, थांबली, आणि तिच्या मागून कडी हलकेच वाजली. शाळा सुटल्यावर सगळी मुलं गेली की मैदानातली घंटा वाऱ्याने कधीतरी आपसूक एकदा वाजते, तेवढीच. इतकं गोड काही मी त्या घरात ऐकलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे अजून वाट बघत होते.

"कधी येणार?" ह्यांनी विचारलं.

"आली."

ह्यांनी हळूच मान हलवली. मग म्हणाले, "बरं. हीच ठेवू."

सुधारलेली धून त्या सहाजणांना पुन्हा पाठवली. पाचांनी 'ओके' कळवलं. सहाव्या काकूंनाही, सोसायटीतल्या त्या काकांसारखं, अल्बममध्ये गाणंच सापडलेलं नाही. पुनावळ्याहून फोन आला की म्हातारी आता तीच धून लावायला सांगते. ह्यांनी वहीत सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि मग तक्त्याची आणखी एक प्रत काढली. वर क्रमांक टाकला पंचवीस आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"तुझा राहिलाय."

"आता काय लिहू? सगळं ओकेच आहे."

"ओके नको लिहू," हे म्हणाले. "तिसरीत ती कशी वाजते, तेवढं लिही. सविस्तर लिही. मला वाचायचंय."

मी लाल पेन बाजूला ठेवलं, निळं घेतलं आणि लिहायला बसले.