जुनं गाव, नवं गाव

पैलवान चिडले की आधी कीबोर्ड मरायचा. धाराशिवच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते सगळ्यांत जुने प्रोग्रामर; त्यांच्या हातून किती कीबोर्ड गेले, देव जाणे. कोणी पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवला, की ते टेबलावर मूठ हाणून गरजायचे, "किल्ली कुलपालाच लटकवून चाललास व्हय रे?" कधी कधी मूठ टेबलाऐवजी पाठीत बसायची. तरी आमचा त्यांच्यावर फार जीव होता.

ते सास्तूरचे. भूकंपात पडलेलं जुनं गाव आणि नंतर वसवलेलं नवं गाव, हे त्यांच्या बोलण्यात कायम असायचं. प्रोग्राम आपोआप सर्व्हरवर चढवायची व्यवस्था त्यांनीच लावली, तेव्हा सेटिंगच्या दोन फायलींना त्यांनी हीच नावं दिली. 'जुनं गाव' म्हणजे चाचणी. तिथं माणूस राहत नाही, काय पाडायचं ते पाडा. 'नवं गाव' म्हणजे खरे लोक, खरे फोन नंबर. "मशीन मुकं हाय," ते बजावायचे. "सांगशील त्या गावाला जातंय."

पुण्याहून नुकत्याच आलेल्या शैलेशला हे काय ठाऊक! नवं म्हणजे अजून चाचणीत असलेलं, असं तो समजला. एका दवाखान्याच्या ॲपमधले निरोप तपासायला त्यानं 'नवं गाव' निवडलं आणि बटण दाबलं. 'आपला पेशंट दगावला' हा नमुन्याचा निरोप थेट नातेवाइकांच्या फोनवर गेला.

एका म्हाताऱ्याच्या चार पोरांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या. बाप आत खाटेवर चहा पीत होता. निरोप आमच्या ऑफिसातून गेल्याचं कळताच ती पोरं गज घेऊन आमच्याकडे आली. पैलवानांनी आधी शैलेशच्या कानाखाली जाळ काढला, त्याला आतल्या खोलीत कोंडलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

"कुनी केलं?"

"म्या."

पहिला गज उजव्या मनगटावर बसला, दुसरा खांद्यावर. चौघांना सहज लोळवलं असतं त्यांनी, पण हात उचललाच नाही. मी नुसता ओरडत होतो. फरशीवर रक्त सांडलं, तेव्हा कुठं ती पोरं थांबली.

त्या हाताची बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. काम सुटलं. ऑफिसातली शांतता मला अजून सोसत नाही.

पैलवान सास्तूरला परत निघाले त्या दिवशी शैलेश त्यांच्या पाया पडायला वाकला आणि तिथंच हुंदके देऊ लागला. पैलवानांनी डाव्या हातानं त्याच्या पाठीत सणसणीत गुद्दा घातला.

"रडतूस काय? त्यांचा बाप जित्ता हाय. तू जित्ता हायस. मग?"