हान काकांचा तिसरा चित्रपट

वाफेच्या इस्त्रीखालून निघणारा तो ओलसर, किंचित जळका गंध, आणि त्या धुक्यातून हळूहळू उमटणारा हान काकांचा चेहरा... अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातलं माझं बालपण मला आठवतं ते असं. शाळा सुटल्यावर आई-बाबा ऑफिसातून येईपर्यंतचे दोन तास मी आमच्या अपार्टमेंटसमोरच्या त्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काढायचे. प्लॅस्टिकमध्ये टांगलेल्या लोकांच्या कोटांखाली बसून होमवर्क करायचे.

हान काका कोरियात चित्रपट-दिग्दर्शक होते. पहिला चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. दुसरा निर्मात्याने हातातून काढून घेतला आणि परस्पर कापून-जोडून लावला. त्या अपमानानंतर ते बायकोसह इथे आले, ते इथलेच झाले. हे बाबांनी सांगितलेलं. काका त्याविषयी अवाक्षर काढत नसत.

मी नऊ वर्षांची होते. मेपलची पानं नुकती लाल होऊ लागली होती, आणि काकांनी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आणला. तिसरा चित्रपट... परक्या देशात आईची वाट पाहणाऱ्या मुलीचा. ती मुलगी मी! रविवारमागून रविवार आम्ही तळ्याकाठी, बसथांब्यावर, बर्फाने पांढऱ्या झालेल्या मैदानात चित्रण करत राहिलो. काकू माझ्या केसांना रिबीन बांधायच्या, थर्मासमधला बार्लीचा गरम चहा द्यायच्या. "रडू नकोस," काका तुटक इंग्रजीत म्हणायचे, "नुसती बघ." दुकानात वाकलेली त्यांची पाठ कॅमेऱ्यामागे ताठ होई.

वसंतात बाबांना दूरच्या फ्रिस्को शहरात नवा जॉब मिळाला. एकच प्रसंग उरला होता— आई परत येते तो. काका आमच्या दारात आले, बूट काढून, हात पोटाशी जुळवून उभे राहिले.

"फक्त एक रविवार."

"शनिवारचं फ्लाइट आहे, हान," बाबा म्हणाले. "पण बदलता येईल." मग माझ्याकडे वळून मराठीत, "काय गं, थांबायचं का?"

मी टीव्ही बघत होते. "नो. इट्स बोरिंग."

काका कोरियन रीतीने कमरेत वाकले— माझ्यासमोर, नऊ वर्षांच्या पोरीसमोर— आणि निघून गेले.

गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं. इंटरनेटवर त्यांच्या नावाखाली दोनच चित्रपट आहेत. पुढे काही नाही. मी काकूंना फोन केला, भीत भीत त्या टेप्सचं विचारलं.

"त्याच उन्हाळ्यात त्यांनी फेकून दिल्या. मी म्हटलं, दुसरी मुलगी शोधा. म्हणाले, आता नको... पुन्हा कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस हं. त्यांनी सांगितलं होतं मला— तुला खूप थांबायचं होतं, पण तिकीट बदलता आलं नाही."



"हो," मी म्हणाले. "नाही बदलता आलं."