पत्तीचाचांचं नाक

पत्तीचाचांच्या दुकानात मासळीची पिशवी घेऊन शिरायला बंदी होती. वेंगुर्ल्यात सकाळी बाजारातून परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बांगडे नाहीतर सौंदाळे असतात, त्यामुळे हा नियम पाळायला लावणं सोपं नव्हतं. चाचा बसल्या जागेवरून हात वर करत आणि म्हणत, "मासळी भायर ठेवा, तुमी भितर येवा." पिशव्या पायरीवर राहत आणि आत आलेल्यांचा अर्धा जीव बाहेरच्या मांजरांपाशी. चहाची पत्ती शेजारच्या वस्तूचा वास लगेच धरते, असं चाचा सांगत. त्यांच्याकडे चहा प्यायला मिळत नसे, नुसती पत्ती मिळे. आसामची बारीक, निलगिरीची लांब, आणखी चार-पाच ठिकाणची, पत्र्याच्या मोठ्या डब्यांत. त्यांतून ते प्रत्येक घरासाठी वेगळं मिश्रण करून देत.

मी घाटावरून बदलून आलेली शिक्षिका. पहिल्यांदा गेले तेव्हा पाव किलो चहा द्या म्हटलं, तर त्यांनी मलाच प्रश्न विचारले. पाणी विहिरीचं की नळाचं, दूध गाईचं की पिशवीचं, चहा करतं कोण, आणि पिताना घाई असते की निवांत बसता? सकाळी शाळेची घाई असते म्हटल्यावर त्यांनी तीन डब्यांतली पत्ती तळहातावर घेतली, तिच्यावर तोंडाने ऊन वाफ सोडली आणि डोळे मिटून वास घेतला. मग चिमूटभर आणखी काहीतरी घातलं. तो चहा मी पुढे नऊ वर्षं प्याले.

पर्यटक येऊ लागले तेव्हा कुणी गुलाबाचा चहा मागे, कुणी आंब्याच्या वासाचा. चाचा त्यांना हसून निलगिरीची पत्ती देत आणि दूध न घालता पिऊन बघा म्हणत. गणपतीला मुंबईहून आलेला एक मनुष्य म्हणाला की त्याची आई न्यायची तसाच चहा हवा आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. चाचांनी तिचं नाव विचारलं आणि दुसरं काहीही न विचारता पुडी बांधली. तो गेल्यावर मला म्हणाले, "गिऱ्हाईक चायसाठी येना नाय, बाई. आपली चाय कोणाक तरी म्हायत आसा, ता बघूक येता."

एका पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवस दुकान बंद होतं. उघडल्यावर मी शाळेतून तशीच गेले, बोलत बसले. निघताना लक्षात आलं की माझ्या मांडीवर वाटेत घेतलेल्या मासळीची पिशवी होती आणि चाचा काहीच बोलले नव्हते. मी ओशाळून पिशवी उचलली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताप येवन गेलो, तेवापासून माका कसलोच वास येना नाय," ते हळू म्हणाले.

आधी कुडाळचे डॉक्टर झाले, मग गोव्याचे. वास परत येईल किंवा येणार नाही, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. रोज सकाळी लवंग, कापूर, लिंबाची साल नाकाशी धरायला सांगितली. चाचा ते नमाजाइतक्याच नेमाने करत. काही फरक पडला नाही. मिश्रणाचं माप त्यांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं, आणि ठेवून उपयोगही नव्हता. प्रत्येक खेपेची पत्ती वेगळी असते, माप त्या वेळी नाकच ठरवायचं.

मग शाळा सुटल्यावर मी दुकानात बसू लागले. ते तळहात माझ्यापुढे धरत. मी वास घेऊन चांगली आहे म्हणे. "चांगली म्हंजे कशी?" ते विचारत. मी भाषा शिकवणारी बाई, पण मला सांगता येत नसे. ओल्या गवतासारखी, म्हणे. कधी भाजलेल्या शेंगांसारखी. ते फार लक्ष देऊन ऐकत, मान हलवत आणि अंदाजाने चिमूट टाकत. ती चिमूट बरोबर पडली की नाही, हे दोघांनाही कळत नसे.

आसोलीच्या काकी त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. यजमान अंथरुणाला खिळले होते, अन्न जात नव्हतं, फक्त चाचांचा चहा मागत होते. काकी पत्ती न्यायला आल्या त्या दिवशी चाचांनी सात वेळा ती मिसळली आणि सातही वेळा माझ्यापुढे धरली. सातव्यांदा मी हीच ती, असं म्हणाले. मला खरं तर काहीच ठरवता येत नव्हतं. काकी ताटकळल्या होत्या, म्हणून म्हणाले.

महिन्याभराने काकी उरलेली पुडी परत द्यायला आल्या. यजमान गेले होते, घरात आता चहा पिणारं कुणी नव्हतं. चहा आवडला का, असं चाचांनी विचारलं. होय, पियाले, असं त्या खाली बघत म्हणाल्या. मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"एक घोट घेतल्यांनी नि माका विचारल्यांनी, चाचा दुकानात नाय हुतो काय गो? मगे कप बाजूक ठेवल्यांनी. तुमी चाचांका सांगू नकात."

आत आल्यावर चाचांनी सरळच विचारलं, काय म्हणाली ती. मला खोटं बोलवेना. मी सांगितलं. त्यांनी समोरच्या डब्याचं झाकण लावलं.

"बरोबर बोललो तो," ते म्हणाले. "मी नाय हुतंय."

मला फार वाईट वाटलं. सातव्यांदा मी खोटं बोलले होते, हेही त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना आधीच कळलं असावं.

त्यानंतर त्यांनी मिश्रण केलं नाही. आलेल्यांना डब्यातली पत्ती तशीच देत. लोक घेऊन जात, पुन्हा फारसे येत नसत. ईद झाल्यावर रत्नागिरीहून त्यांची मुलगी न्यायला आली. एसटीला वेळ होता म्हणून मी दोघांना घरी आणलं, मन लावून आल्याचा चहा केला. मुलीने फार छान झालाय म्हटलं. चाचांनी कप संपवला. न राहवून मी विचारलं, कसा झाला.

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं, मला बरं वाटेल असं काहीतरी शोधलं.

"गरम आसा, बाई," ते म्हणाले.